गर्दीतली पहिली बाई

माझे दोघे भाऊ त्या दिवसांत एकमेकांशी फक्त नाटकात बोलत होते. नाटकाबाहेरचं सगळं माझ्यामार्फत. "त्याला सांग, खुर्ची सरकव." खुर्ची त्याच्यापासून हातभर लांब, आणि मी तालमीच्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला, तोंडात टाचण्या धरून द्वारपालाचा अंगरखा आखूड करतेय. टाचण्या काढायच्या, निरोप सांगायचा, टाचण्या परत तोंडात. शिवणकाम हा माझा धंदा आहे. पोस्टमनची नोकरी मी कुणाकडे मागितली नव्हती.

नाटक जुनं. आमच्या पिढीतल्या सगळ्यांनी ते शाळेत घोकलंय. शत्रू पाठीवर आहे, म्हातारी राणी चार माणसांनिशी पळत शहराच्या दरवाज्याशी येते आणि द्वारपाल दरवाजा उघडत नाही. उघडला तर तिच्यामागून शत्रू आत शिरेल. राणी बाहेर मरते, शहर वाचतं. सकाळी तिचं प्रेत चौकात आणून ठेवतात आणि लोकांपुढे दोन भाषणं होतात. आधी द्वारपालाचं, मग राणीच्या मुलाचं. हा मुलगा कुमक आणायला गेलेला असतो आणि उशिरा पोचतो. 'दोन्ही भाषणांची तुलना करून कोणते अधिक पटते ते सकारण लिहा' हा प्रश्न परीक्षेला ठरलेला. मी पानभर लिहून शेवटी दोघांचंही बरोबर आहे असं ठोकून दिलं होतं. बाईंनी लाल शाईने समासात लिहिलं, 'निर्णय घे.'

तो अजून घेता आलेला नाही. ज्याचं ऐकते त्याची होते मी. दुकानात गिऱ्हाईक म्हणालं बाही लांब हवी तर लांब, तिची सासू म्हणाली आखूड तर आखूड. म्हणून तर आईनंतर तिची भूमिका माझ्या गळ्यात पडली तेव्हा माझी झोप उडाली.

आमची हौशी मंडळी. आईने उभी केलेली, आईनेच वाढवलेली. दर दोन-तीन वर्षांनी हेच नाटक. आई दिग्दर्शन करायची आणि स्वतः काम करायची ते गर्दीतल्या पहिल्या बाईचं. वाक्य एकच: "दरवाजा फिरवा!" राजपुत्राचं भाषण पटलं की गर्दीतून ती हे ओरडते, तिच्यामागून सगळी गर्दी तेच ओरडते, आणि रंगमंचाच्या मधोमध आतली बाजू दाखवत उभा असलेला दरवाजा फिरतो. बाहेरची बाजू समोर येते. तिच्यावर राणीच्या नखांचे ओरखडे. ते बघून लोक खवळतात आणि द्वारपालाच्या जिवावर उठतात.

बाकीच्या मंडळ्यांमध्ये राजपुत्राचं शेवटचं वाक्य झालं की पहिली बाई ओरडते. आमच्याकडे तसं नाही. आईचा नियम होता, गर्दीला इशारा नसतो. पटलं तर ओरडायचं, नाही पटलं तर नाही. तोवर राजपुत्राने बोलत राहायचं, संहितेतलं संपलं तर पदरचं बोलायचं. एका प्रयोगात तिने राजपुत्र झालेल्या बाळ्याला, माझ्या धाकट्या भावाला, इतका वेळ लटकवला होता की बिचाऱ्याने राणीच्या लहानपणापासून सुरुवात केली. घरी आल्यावर तो चिडला तर म्हणाली, "मला नाही पटलं. मी काय करू?" दुसरा नियम, पहिली बाई जे ओरडेल तेच गर्दीने ओरडायचं, मागेपुढे न बघता. सुतारकाका, ज्यांनी दरवाजा बनवला, ते गर्दीत आईच्या शेजारी उभे राहायचे. म्हणायचे, "तुझ्या आईने आग लागली म्हटलं असतं तरी आम्ही ओरडलो असतो."

द्वारपाल कायम दादा. राजपुत्र कायम बाळ्या. दादा शाळेत गणित शिकवतो. तो बोलतो म्हणजे उदाहरण सोडवतो. पायरीखाली पायरी, शेवटी उत्तर, उत्तराखाली दोन रेघा. "मी दरवाजा बंद केला. या हातांनी. आत बघा, तुमची मुलं जिवंत आहेत. मी उघडला असता तर ती नसती. याहून जास्त मला काही सांगायचं नाही." आवाज चढत नाही, हात हलत नाहीत. ऐकणाऱ्याला वाटतं, खरंय, दुसरं काय करणार होता माणूस!

बाळ्या लांबच्या शहरात विमा विकतो. बोलणाऱ्याची माती खपते म्हणतात, याची तर धूळही खपेल. तो काही सिद्ध करत नाही. विचारतो फक्त. "तिने हाक मारली असेल का? किती वेळ मारली असेल? तुमच्यातल्या कुणाला ऐकू आली? नाही? मग रात्री तुम्ही खिडक्या का लावून घेतल्या?" एकेकाच्या डोळ्यांत बघतो आणि पुढे सरकतो. उत्तर ज्याचं त्याने घरी न्यायचं. "ताई," तो मला सांगायचा, "माणसाला उत्तर विकता येत नाही. प्रश्न विकायचा." दादाच्या कानावर हे गेलं तेव्हा तो म्हणाला, "त्याला सांग, उत्तर माहीत नसताना विचारला तर तो प्रश्न. नाहीतर ती चहाडी."

मी सांगितलं नाही. सगळेच निरोप पोचवायचे नसतात.

भांडण कशावरून, ते एका वाक्यात सांगता येईल. आई आजारी पडली, डॉक्टर म्हणाले घशात नळी घालून यंत्रावर ठेवू, चार दिवस मिळतील, आणि दादा नाही म्हणाला. आई शुद्धीत असताना त्याला म्हणाली होती, मला घरी ने. तो घेऊन आला. बाळ्या फोनवर ओरडत होता, "मी निघालोय. मी येईपर्यंत नळी घाला. मला भेटू दे रे तिला!" दादा म्हणाला, "लवकर ये." बाळ्या आला तेव्हा आई गेली होती. बस वाटेत बंद पडली, असं तो म्हणाला. आणि घराच्या पायरीवरच उभं राहून दादाला म्हणाला, "तू मारलंस तिला."

दादाने उत्तर दिलं. डॉक्टर काय म्हणाले, आई काय म्हणाली, नळीने काय झालं असतं. पायरीखाली पायरी. बाळ्याने विचारलं, "एक दिवस थांबायला काय झालं होतं?" दादा आत निघून गेला.

आता जे मला माहीत होतं आणि बाळ्याला नव्हतं ते सांगते. शेवटच्या संध्याकाळी आईची वाचा गेली होती. नजर दारावर. रस्त्यावर पाऊल वाजलं की तिची पापणी हलायची. मी कूस बदलून दिली तर मान पुन्हा दाराकडे. दादा समोर बसून हे सगळं बघत होता. ती गेली, डोळे दादाने मिटले, आणि उठून त्याने आधी दार लावलं. मग मला म्हणाला, "ती वाट बघत होती हे त्याला कधी कळू द्यायचं नाही. माझी शपथ आहे तुला."

म्हणजे बघा. बाळ्या त्याला खुनी म्हणत होता आणि दादाजवळ एक वाक्य होतं. 'ती तुझी वाट बघत होती, तूच आला नाहीस.' एवढं म्हटलं असतं की बाळ्याचं तोंड कायमचं बंद. ते सोडून बाकी सगळं त्याने बोलून पाहिलं. आणि ते वाक्य मलाही माहीत होतं. बाळ्या माझ्याकडेच उतरायचा, दुकानाच्या वरच्या खोलीत. चहा पिता पिता दादाला नावं ठेवायचा आणि मी मशीन जोरात चालवायचे.

आईच्या नावाने हा एक प्रयोग करायचा, हा हट्ट सुतारकाकांचा. त्यांनी दोघांना वेगवेगळं गाठलं आणि सांगितलं, तुम्ही दोघं नसाल तर मी तो दरवाजा फोडून चुलीत घालतो. दोघं आले. प्रयोगाच्या आदल्या दिवशी बाळ्याने बॅग भरली. उद्या पडदा पडला की तसाच निघणार. "आणि ताई, आता परत नाही यायचं मी. तुला भेटावंसं वाटलं तर तू ये तिकडे." शर्टाची घडी घालत तो हे म्हणाला. तीच घडी तीनदा मोडून घातली.

मी दादाकडे गेले. "तुझी शपथ परत घे. मी सांगते त्याला."

तो वह्या तपासत होता. "सांगून काय होईल?"

"तो तुला खुनी म्हणणं बंद करेल."

"आणि काय म्हणेल? स्वतःला म्हणेल." त्याने पान उलटलं. "मला म्हणतोय ते बरंय. मला सवय झालीय."

असा राग आला मला त्याचा! रडू आलं म्हणा हवं तर. मोठेपणा करायचा असेल तर एकट्याने करावा, मला कशाला त्यात ओढायचं? घरी येऊन मी राजपुत्राच्या झग्याची धड असलेली शिवण उसवली आणि परत घातली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सभागृह भरलं. मेकअपच्या खोलीत एकच आरसा, दोघं त्याच्या दोन कडांना. मी मध्ये, कुणाची गुंडी लाव, कुणाचा पट्टा आवळ. दादाचा पट्टा मी बाळ्याला बांधायला निघाले. सुतारकाका म्हणाले, "बाई, तुला एकच वाक्य आहे, आणि घाबरतेस अशी की अख्खं नाटक तुझ्या डोक्यावर आहे." होतंच की.

दादाचं भाषण झालं. आजवरचं सगळ्यात छोटं. शब्द तेच होते, पण मधल्या थांबायच्या जागा त्याने टाकून दिल्या, ओझं खाली ठेवायची घाई झाल्यासारखा. "याहून जास्त मला काही सांगायचं नाही," म्हणाला आणि दरवाज्यामागे गेला. तिथून विंगेत जायचं, मागच्या खोलीत पाणी प्यायचं, पुढच्या अंकाला यायचं, हा त्याचा वर्षानुवर्षांचा रस्ता. लोकांमधून हुंकार आला. माझीही मान हलली. पटलं होतं.

मग बाळ्या उभा राहिला. त्याने घाई केली नाही. प्रेतावरची चादर नीट केली, पायांकडून. आणि सुरू झाला. हाक, खिडक्या, किती वेळ. पहिल्या रांगेतली एक म्हातारी पदराने डोळे पुसायला लागली. सुतारकाकांचा श्वास मला ऐकू येत होता. संहितेतलं शेवटचं वाक्य आलं. तो थांबला आणि माझ्याकडे बघितलं.

मी तोंड उघडलं. आवाज येईना.

सुंदर बोलला होता, खोटं कशाला बोलू. पण माझा भाऊ आहे तो. कुठला हुंदका छापील आहे ते मला कळतं. आणि दादा मला डोळ्यांसमोर दिसत होता, दार लावणारा. मी तोंड मिटलं.

बाळ्याने मान तुकवली. आईचा नियम त्याला नवा नव्हता. तो पदरचं बोलायला लागला. "द्वारपालाला विचारा, एक दिवस थांबला असता तर काय झालं असतं? एकदा तरी म्हणाला का तो, थांबू का म्हणून?" हे नाटकातलं नव्हतं. हे आमच्या पायरीवरचं होतं. त्याचा आवाज चिरका झाला, हात उगीच हलायला लागले. बोलत राहिला, बोलत राहिला, आणि मला जितकं कमी पटत होतं तितका तो जास्त बोलत होता. सुतारकाकांनी कोपराने ढोसलं. "ओरड की, अगं पोर मरतंय तिकडे!" मी नखं तळव्यात रुतवून उभी. त्याची दया येत होती आणि ओरडवत नव्हतं.

शेवटी त्याच्याजवळचं सगळं संपलं. प्रश्नसुद्धा. तो चौकाच्या पायरीवर बसला, जे राजपुत्र कधी करत नाही. चादरीच्या टोकाशी चाळा करत राहिला.

"घोडं दमलं असं मी सांगितलं," तो म्हणाला. अगदी हळू. "घोडं दमलं नव्हतं. मीच वाटेत उतरलो. एका धर्मशाळेत बसून राहिलो. अख्खी दुपार-संध्याकाळ. मला वाटलं, मी जोवर पोचत नाही तोवर ती जिवंत आहे. मी पोचलो की ती मरणार. म्हणून मी बसून राहिलो."

बस बंद पडली नव्हती. हे इतके दिवस पोटात घेऊन तो माझ्याकडे चहा पीत होता.

"दरवाजा फिरवा!" मी ओरडले. कसं ओरडले मला माहीत नाही, घसा फाटल्यासारखं. मागून सगळी गर्दी ओरडली. चाकांच्या फळीवर उभा केलेला दरवाजा ढकलणारी दोघं वाट बघून कंटाळली होती. त्यांनी पाठ लावून असा रेटा दिला की दरवाजा गर्रकन फिरला.

आणि त्याच्याबरोबर दादा आला.

तो पाणी प्यायला गेलाच नव्हता. दरवाज्यामागे त्याच फळीवर, लाकडाला कान लावून उभा होता. दिव्यांनी त्याचे डोळे दिपले. राणी जिथे मेली तिथे द्वारपाल उभा, असं कुठल्याच संहितेत नाही. प्रॉम्प्टरने पानं उलटायला सुरुवात केली.

बाळ्या उठला. दोघांच्या मध्ये आईची चादर, म्हणजे राणीची. कितीतरी दिवसांनी तो थेट दादाशी बोलला, मला मध्ये न घेता.

"ती वाट बघत होती का?"

दादा कधी खोटं बोलत नाही. दारात नको असलेला माणूस आला आणि आई म्हणाली 'मी घरात नाही म्हणून सांग', तर हा लहानपणी जाऊन सांगायचा, 'आई म्हणतेय ती घरात नाही.' आता त्याच्या पाठीमागे हातभर उंचीचे ओरखडे, सुतारकाकांनी पटाशीने खोदून आत लाल रंग भरलेले, शेवटच्या रांगेतूनही दिसतील असे. दादाने दरवाज्याला पाठ टेकली. दोन्ही हात पसरले आणि जेवढे झाकता येतील तेवढे झाकले.

"नाही रे," तो म्हणाला. "झोपली होती. दुपारपासूनच. तिला काही कळलं नाही."

एवढंच. पायऱ्या नाहीत, कारणं नाहीत. इतकी वर्षं दोघांची भाषणं ऐकली, पण याहून चांगलं कुणी बोललेलं मला आठवत नाही.

बाळ्या त्याच्याकडे बघत राहिला. त्याच्या हातांकडे, हातांच्या वर दिसणाऱ्या लाल रेघांकडे. विकणारा माणूस तो, समोरचा काय विकतोय हे त्याला कळत नसेल? मग तो वळला आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही सांगा, बाई. तुम्ही तिथे होतात."

आईचा नियम, पटल्याशिवाय ओरडायचं नाही. मला ती पापणी दिसत होती. रस्त्यावर पाऊल वाजलं की हलणारी.

"झोपली होती!" मी ओरडले.

शेजारून सुतारकाका ओरडले, "झोपली होती!" त्यांना काय ठाऊक, नियम म्हणजे नियम. त्यांच्यामागून आमच्या मंडळीतला वाणी, नर्सबाई, तिकिटं फाडणारा, सगळी गर्दी हात वर करून ओरडायला लागली, "झोपली होती! झोपली होती!" फळ्या हादरत होत्या. बाळ्या तोंड झाकून ऐकत होता. दादा दरवाज्यापासून हलला नाही, फक्त त्याने एक हात ओरखड्यांवरून काढला आणि पुढे केला.

मी ओरडतच राहिले. तेवढ्या आवाजात मलाही पटलं.